सावडीचे वीस रुपये

भिवंडी, धामणकर नाका
१७ मार्च १९७४

सौ. आक्का यांस,

नमस्कार लिहिते, कारण नमस्कार घातल्याशिवाय पत्र सुरू करू नये असं शाळेत शिकवलं होतं. मनापासून घातला आहे असं समजू नका.

वाडीतल्या लडकूच्या बैलगाडीतून काल तांदूळ आला. चार मण. मला वाटलं, आज निम्मा, उरलेला पुढच्या खेपेला. म्हणून लडकूला विचारलं, "बाकीचा कधी आणशील?" तो बैलांना पाणी दाखवत म्हणाला, "वयनी, मोठ्या वयनीनं एवढाच दिला. बाकीचा न्हाय म्हनाली."

भाऊजी, हे पत्र आक्कांना तुम्हीच वाचून दाखवणार, मला माहीत आहे. एवढ्या वर्षांत तुमच्यासमोर मी मान वर करून बोलले नाही. पत्रात मान दिसत नाही, तेव्हा ऐका. आणि वाचताना एकही ओळ गाळू नका.

आक्का, मामंजी गेले तेव्हा दोघा भावांनी ओटीवर बसून काय ठरवलं होतं? शेताचे तुकडे करायचे नाहीत. थोरल्यानं शेत करायचं, धाकट्यानं लूम चालवायचा. तुम्ही आम्हाला वर्षाचा आठ मण तांदूळ द्यायचा. आम्ही तुम्हाला वर्षाचं कापड, खताची गोणी, मीठ, रॉकेल, चहा-साखर पुरवायची. आणि लावणीला मी आठ दिवस यायचं. सात वर्षं हे नीट चाललं. गेल्या वर्षीही माझ्याकडून दोन लुगडी, दोन धोतरं, खत, मीठ, सगळं वेळेवर पोचलं. एक रॉकेलचा डबा गळका निघाला, तोही मी बदलून पाठवला. आता सांगा, माझे चार मण कुठे गेले?

आठ दिवसांवर पाडवा आला. पाडव्याला मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वर्षाचा खर्च लिहिते. खोलीचं भाडं, रेशन, कमळाची फी, धाकट्या रघूची वह्या-पुस्तकं, आजारपणाला थोडे. त्यात तांदळाच्या पुढे मी कधी आकडा लिहीत नाही, "दिघाशीहून" एवढंच लिहिते. यंदा तिथे काय लिहू?

यंदा भाव चढलाय, मोंढ्यात कुणीतरी चांगले पैसे दिले असतील. विकला असाल तर तसं सांगा. लुगडं माझ्या पैशाचं नेसायचं आणि तांदूळ वाण्याला घालायचा, हे कुठल्या जावेनं केलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या लावणीला मी आले नाही हे तुमच्या मनात असेल. कमळाला ताप होता, कळवलं होतं. नुसतं कळवलं नाही, वीस रुपयांची मनिऑर्डर केली होती. माझ्या आठ दिवसांचे वीस रुपये. माझ्या हातांची तेवढी किंमत वाडीत कुणी केली नसती.

चंद्रा


भिवंडी
११ एप्रिल

सौ. आक्का यांस,

पत्राला उत्तर नाही. उत्तराऐवजी लडकूबरोबर चिंचेचा गोळा आणि पायलीभर वाल आले. निरोप काय, तर "तांदूल हाय तेवढाच हाय."

हे उत्तर झालं? चिंच काय मी भातासारखी जेवू?

तुमचा मूग गिळून बसण्याचा स्वभाव मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओळखला. माझ्या हातून दुधाचं भांडं उलटलं होतं. तुम्ही बोलला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही नुसतं फडकं आणून पुसलंत आणि चार दिवस माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्यापेक्षा सासूबाईंच्या शिव्या गोड होत्या.

इथे काय चाललंय तेही ऐका. रेशनला लाल मिलो मिळतो, ती अमेरिकेहून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापली की तुटते आणि खाल्ली की पोटात दगड बसतो. भात फक्त रात्री, माणशी एक वाटी. रघू वाटी चाटून झाली की माझ्याकडे बघतो, मी दुसरीकडे बघते. चहा दुधाशिवाय. शेजारच्या रोशनबी आणि मी एकाच स्टोव्हवर आळीपाळीने स्वयंपाक करतो, एक दिवस तिचं रॉकेल, एक दिवस माझं. ती बाई ना माझ्या जातीची ना गावची, पण तिच्या दिवशी वात कधी बारीक करत नाही. तुम्ही सख्ख्या जाऊ.

यंदा कापडाची वाट पाहू नका. खताचीही पाहू नका. चार मणाला चार मण, न दिलेल्याला न दिलेलं.

हे म्हणतात, "दादाचं काहीतरी अडलं असेल, जाऊन येतो." मी जाऊ दिलं नाही. एक दिवस बुडवायचा आणि तिथे जाऊन तुमचा अबोला ऐकायचा?

चंद्रा


भिवंडी
४ मे

आक्का,

आज नमस्कारही नाही.

लडकू काल वैरण विकून घरी आला. मिलोची भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने एक तुकडा मोडला आणि विचारलं, "वयनी, तांदूल संपला?"

"तुझ्या मोठ्या वहिनीला विचार, कुठे विकला."

त्याने तुकडा ताटात परत ठेवला. "इकायला व्हता कुठं? तुला ठाव न्हाय? आर्धं शेत पडीक गेलं की गेल्या साली. बाया लावणी न करताच निंगून गेल्या."

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. गेल्या आषाढात तुमच्या शेताची पाळी आली. आठ घरच्या आठ बाया सकाळीच बांधावर आल्या. अजून कुणाचा पाय चिखलात गेला नव्हता. तुम्ही कनवटीचे पैसे काढलेत आणि एकेकीच्या हातावर अडीच-अडीच रुपये ठेवलेत. म्हणालात, "चंद्रानं धाडलेत, तिच्या बदली." रंगूबाईने ते पैसे बांधावरच्या दगडावर ठेवले आणि म्हणाली, "गुणा, आमी तुज्या घरी मजुरीला आलो व्हतो?" आणि ती चालू लागली. तिच्यामागे सगळ्या. त्याच संध्याकाळी वाडीनं तुमचं घर सावडीतून काढलं.

हे तुम्ही मला दहा महिने सांगितलं नाहीत!

होय, मी लिहिलं होतं तसं. "हे पैसे सावडीच्या बायांना माझ्या आठ दिवसांचे द्या." माझ्या अक्षरात आहे, नाही कशी म्हणू? मी त्याच वाडीची सून. सावड म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. एक दिवस तुझ्या शेतात माझे हात, एक दिवस माझ्या शेतात तुझे, मध्ये पैसा नाही, उपकार नाही. पण इथे राहून माझं डोकं इथलं झालं. लूमवर माणूस आला नाही की बदली उभा राहतो आणि त्या दिवसाची मजुरी बदलीला मिळते. कुणाला राग येत नाही. मला वाटलं, मी माझी बदली पाठवते आहे. माझी चूक झाली. लिहिलं, आता परत विचारू नका.

पण तुम्ही? तुम्ही तीस वर्षं त्या वाडीत काढलीत. मी शहरात बसून बावळटपणा केला, तुम्ही गावात बसून तो वाटलात! ते पैसे घेऊन पाड्यावरून चार बाया मजुरीने लावता आल्या असत्या. डब्यात ठेवता आले असते. चुलीत घालता आले असते. ते कळत नव्हतं असं सांगू नका. तुम्हाला सगळं कळतं.

मला एकच उत्तर हवंय. का वाटलेत?

चंद्रा


भिवंडी
२८ मे

आक्का,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. अक्षर भाऊजींचं असलं तरी बोल तुमचेच आहेत. मी त्या पुन्हा इथे उतरवते, म्हणजे काय लिहून घेतलंत ते तुम्हालाही ऐकू येईल.

"कमळीला ताप नव्हता. त्याच आठवड्यात लडकूनं तिला दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहिलं. खोटं बोलून पैसे धाडलेस, म्हणून वाटले. तुझं तोंड वाडीला दिसू दे म्हटलं."

दाखवलंत माझं तोंड. आणि पोट कुणाचं गेलं? तुमचंच ना? आणि माझ्या पोरांचं. माझी फजिती बघायला तुम्ही स्वतःचं शेत पडीक टाकलंत. एवढा राग होता तर गाडीत बसून इथे यायचं होतं, चाळीत माझ्या झिंज्या धरायच्या होत्या. मी तयार होते.

हो, ताप नव्हता. कमळा ठणठणीत होती. आता खरं ऐका, आणि भाऊजी, हे मात्र हळू वाचा, शेजारी ऐकतील.

गेल्या पावसाळ्यात विजेची कपात होती आणि सूत महाग. यांचा लूम आठवड्यातून तीनच दिवस चालायचा. त्याच कारखान्यात मी कांड्या भरायला लागले. धोट्यात घालायची ती सुताची कांडी असते, ती चाकावर भरून द्यायची. भिंतीला पाठ लावून दहा-बारा बायका बसतो. बोटाला सूत कापतं. दिवसाचे अडीच रुपये. आपल्या घरातली सून कुणाच्या कारखान्यात मजुरीला बसली हे तुम्हाला आणि भाऊजींना कळू नये म्हणून तापाचं सोंग आणलं. आठ दिवस गैरहजर राहिले असते तर माझ्या जागी दुसरी बसली असती, इथे जागेसाठी बायका दारात उभ्या असतात.

ते वीस रुपये यांच्या पगाराचे नव्हते. माझ्या बोटांचे होते. मोजून आठ दिवसांचे. मला वाटलं होतं, लावणी चुकली तरी मेहनत माझीच पोचतेय. तुम्ही ती रंगूबाईच्या हातावर ठेवलीत आणि तिने दगडावर.

असो. माझी लाज गेली, तुमचं शेत गेलं, आता पुढचं बोला. लडकू म्हणतो, वाडीनं अजून तुम्हाला सावडीत घेतलेलं नाही. म्हणजे यंदा अर्धं नाही, सगळंच पडीक. मजुरीच्या बाया लावायच्या तर लावणी, बेणणी, कापणी मिळून शंभराच्या वर जातील. ते तुमच्याकडे नाहीत, माझ्याकडे नाहीत. आमचा तांदूळ भाद्रपदात संपेल. तुमचं काय आहे ते तुम्ही सांगणार नाही. शेत लागलं नाही तर पुढच्या वर्षी दोन्ही घरांत शिजवायला काही नाही, मग तुम्ही तिकडे अबोला धरा आणि मी इकडे पत्रं लिहिते.

रंगूबाईकडे जाऊन चार शब्द बोला. तुमचं तोंड उघडत नसेल तर तसं कळवा.

चंद्रा


भिवंडी
२३ जून

आक्का,

कळवलं नाहीत. मला तेच वाटलं होतं.

म्हणून मीच लडकूच्या हाती रंगूबाईला विचारून घेतलं, सावड परत कशी सुरू होईल. तिचं उत्तर लडकूने जसंच्या तसं सांगितलं. "तिनं पैशे धाडले, हात न्हाय धाडले. तिला सांग, हात घेऊन ये. आठ घरां हायत. आदी आठ घरां, मंग गुणाचं बगू."

आठ घरं म्हणजे आठ दिवस. त्या आठ दिवसांत तुमचं रोप म्हातारं होणार, हे तिला कळतं आणि मलाही. पण दुसरी वाट नाही.

कांड्यांची जागा जाईल म्हणून मी तीन दिवस हो-ना करत होते. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "तुझ्या जागी मी बसतो. माझी पाळी रातची. दिवसा कांड्या भरीन."

"बायका हसतील."

"हसू दे. हसल्यानं सूत तुटत न्हाय."

कारखान्यातला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, आधी तयार होईना. म्हणाला, "अरे राघो, मर्द आदमी औरतों में बैठ के कांडी भरेगा?" हे म्हणाले, "भरेगा. औरत आठ दिन खेत में जाएगी, तो मर्द आठ दिन कांडी भरेगा. हिसाब बराबर." रोशनबी पोरांना जेवू घालणार आहे. मी आल्यावर तिच्या आठ दिवसांचा स्वयंपाक माझ्याकडे.

लडकूच्या गाडीत खताची गोणी चढवली आहे. हे तुमच्यावर प्रेम उतू चाललंय म्हणून नाही. शेताने माझं काही वाईट केलेलं नाही.

मी येते आहे. तुमच्या घरी उतरणार नाही, पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहू नका.

चंद्रा


दिघाशी, रंगूबाईची पडवी
१५ जुलै

आक्का,

पन्नास पावलांवरून पत्र लिहिणारी मी पहिलीच असेन. टपालात टाकत नाही, रंगूबाईच्या हाती देते. तोंडाने बोलायला आले असते, पण तोंडाने बोलले तर रडेन, आणि तुमच्यासमोर मला रडायचं नाही.

सहा घरं झाली. कंबर मोडली. सात वर्षं लावली असली तरी वर्षभर बसून कांड्या भरल्यावर वाकण्याची सवय जाते. पहिल्या दिवशी बाया माझ्या शेजारी ओळ धरेनात. मी एकटी कडेला लावत होते आणि माझी ओळ वाकडी होत होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रोपाची मूठ माझ्याकडे फेकली. चौथ्या दिवशी "भिवंडीची शेठाणी" म्हणून चिडवायला लागल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुम्ही रोज तुमच्या बांधावर येऊन उभ्या राहायच्या आणि मी बघितलं की पाठ फिरवायच्या. पाठ फिरवताना तुमचा हात कंबरेवर असतो, हे पहिल्याच दिवशी दिसलं. मी म्हटलं, म्हातारपणाचं सोंग.

काल रंगूबाई माझ्या शेजारी वाकली होती. रोप लावता लावता, मान वर न करता, बोलत गेली.

"आमी निंगून गेल्यावर तुजी जाऊ एकटीच लावत व्हती, ठाव हाय? तुजा भाऊजी नामा चिखल करायचा, ती लावायची. अकरा दिस. कंबर धरली तवा चिखलात बसून फरफटत लावलंन. मी वरून बगत व्हते. जावं वाटलं. न्हाय गेले. माजं पन चुकलं."

मी रोपाची पुढची मूठ उचलली.

"तांदूल झाला किती, तर बियाणं काढून साडेपाच मण. त्यातला चार तुला धाडलान. दीड मण ठेवलान दोघांना वरसाला."

माझ्या हातातलं रोप हातातच राहिलं.

"कार्तिकापासनं ती पाड्यावरच्या मंगळीबरोबर रानात जाते. कडू कंद खणून आणते, रातभर राखेच्या पान्यात भिजवते, उकडते, तेच खातात दोगं. तुज्या पोरांची वाडीत कुनाजवल गोष्ट निंगाली तर म्हनते, शिकनारी हायत, त्यांना भात लागतो."

आक्का, मी तुम्हाला चोर म्हटलं. वाण्याला विकलात म्हटलं. पायलीभर वाल आले तर त्यांची थट्टा केली, आणि ते वालही तुमच्या ताटातले होते. भाऊजींनी माझी पत्रं वाचून दाखवली, एक ओळ न गाळता, मीच तशी ताकीद दिली होती. आणि कंद चावत तुम्ही ती ऐकलीत.

का नाही सांगितलंत? पैसे वाटले तो गुन्हा तुमचा म्हणून त्याचा दंड भरत होतात? मला न विचारता? गुन्हा निम्मा माझा होता. निम्मी उपासमारही माझी होती, ती तुम्ही एकटीने घेतलीत. मला इतका राग आलाय की हे अक्षर बघा कसं झालंय.

उरलेली दोन घरं नंतर. रंगूबाईने आज संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, "गुणाचं रोप वाट बगनार न्हाय. उद्या तिचं शेत." कुणी नाही म्हटलं नाही. उद्या सकाळी आठ घरच्या आठ बाया तुमच्या बांधावर येतील. नववी मी.

तुम्ही चिखलात उतरायचं नाही. उतरलात तर मी तशीच माघारी भिवंडीला जाईन. बांधावर बसा, आणि आम्हाला शिव्या द्या, त्या देता येत नसतील तर मी शिकवते. दुपारच्या भाकऱ्या रंगूबाईची सून थापणार आहे. तुमच्या घरात काय आहे आणि काय नाही, ते मी उद्या मडकी उघडून स्वतः बघणार आहे.

आणि पुढचं पक्कं समजा. दिवाळीनंतर भात झोडपलं की मी येईन. तांदूळ माझ्यासमोर मोजला जाईल. निम्मा तुमचा, निम्मा आमचा, एक पायली इकडे नाही की तिकडे नाही. माप माझ्या हातात राहील. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.

चंद्रा